पाठ झाली, तोंड इकडे

१

गणिताच्या बाईनं असली गोष्ट सांगावी म्हणजे कमालच आहे. पण सांगते. एकतीस वर्षं मी गाबेस गावच्या मुलींच्या शाळेत खडू झिजवला आणि पायऱ्या दाखवल्याशिवाय एकाही पोरीला नुसत्या उत्तराचा गुण दिला नाही. म्हणून इथंही पायऱ्या दाखवते. उत्तराचं तुमचं तुम्ही बघा.

आमच्या घरात दोन बायका. मी सबीहा, आणि माझी थोरली नणंद जाजिया. माझा नवरा गेला तेव्हा नौफल दहा वर्षांचा होता. वन्सं एक बोचकं घेऊन आल्या, म्हणाल्या, "तू शाळेत गेल्यावर या पोराला कोण बघणार?" आणि राहिल्या त्या राहिल्याच, बावीस वर्षं. नौफल शिकला, स्फाक्सला नोकरीला लागला, लग्न केलं, तरी आम्ही दोघी तिथंच. भांडलो भरपूर. कालवणातल्या मिठावरून, रेडिओच्या आवाजावरून, अंगणातलं डाळिंब कधी तोडायचं यावरून. फक्त दर पाचव्या गुरुवारी भांडण बंद, कारण त्या दिवशी डोकी करायची असत.

सकाळी वन्सं मेंदी चाळायच्या. कढत चहाचं पाणी, त्यात डाळिंबाच्या साली उकळलेल्या, वर चमचाभर ऑलिव्हचं तेल. निळ्या तामचिनीच्या वाडग्यात भिजवून ओलं फडकं टाकायचं ते दुपारपर्यंत. जेवणं उरकली की अंगणालगतच्या लांबट खोलीत खिडकीची दारं लोटून बसायचं. खजुराच्या लाकडाचं एक बुटकं स्टूल होतं, ते भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. त्या स्टुलाची एक खोड होती. बसलं की चूं करायचं नाही. बसलेलं माणूस वळलं, की करकरायचं.

आधी पाठीमागचं डोकं. आमच्याकडे घरोघर असंच करतात. पुढचं काय, आरसा धरून आपलं आपल्याला जमतं; मागचं दुसरीच्या हाती. मानेपासून टाळूपर्यंत बटा पाडत मागचं भरायचं, आणि ते झालं की म्हणायचं, "पाठ झाली, तोंड इकडे." मग बसलेली वळते, स्टूल करकरतं, आणि पुढचं होतं. जिचं डोकं झालं तिनं उठून त्याच वाडग्यातून दुसरीचं करायचं, भांडं धुवायच्या आत. आपलं करून घेतलं आणि दुसरीचं ठेवलं, असं गाबेसमधली बाई करत नाही. आणि सुरू केलेलं डोकं अर्धं सोडत नाही.

वन्संचा हात फार स्वच्छ. चमचाभर मेंदी तळव्यावर घेतली की चमचा वाडग्याच्या कडेवर दोनदा आपटायच्या, ठक ठक. मागचं झालं की माझी मान ओल्या फडक्यानं पुसायच्या, म्हणून माझ्या मानेवर कधी डाग पडला नाही. आणि मी त्यांचं करायची तेव्हा उजव्या कानामागे जपायची. लहानपणी विहिरीच्या दगडावर पडून तिथं खारकेच्या बीएवढा व्रण झाला होता. तिथं केस नव्हते, मेंदी सरळ कातडीला लागायची आणि आठवडाभर तांबडी खूण दिसायची. त्यांना ते आवडत नसे. बाई नटवी होती हो! अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पण पांढरा केस जगाला दिसू दिला नाही. म्हणायच्या, "वहिनी, काही झालं तरी मला पांढऱ्या डोक्यानं मातीत घालू नकोस."

२

तो शेवटचा गुरुवार. वन्संनी माझं डोकं करून दिलं. मान पुसली. मी फडकं गुंडाळून उठले, त्या स्टुलावर बसल्या, केस सोडले आणि भिंतीकडे तोंड केलं. तेवढ्यात नौफलचा फोन.

नेहमीचंच. "आई, आता बास झालं. दोघी इकडे या. चौथ्या मजल्यावर हवा आहे, लिफ्ट आहे." मी म्हटलं, मला लिफ्टनं आभाळात जायचं नाही. तो चिडला, मीही चिडले. सून नाहिद मध्येच फोनवर आली, तिनं लाडीगोडी लावली, तिच्याशीही तावातावानं बोलले. तासभर चाललं.

मधे एकदा वन्सं हळूच म्हणाल्या, "वहिनी, मेंदी वाळतेय गं."

"थांबा ना जरा! दिसत नाही का, बोलतेय?"

त्या बसून राहिल्या. फोन ठेवला तेव्हा माझं डोकं भणभणत होतं. मी म्हटलं, "वन्सं, आज हात चालायचा नाही माझा. पुढच्या गुरुवारी करू."

त्या उठल्या, रुमाल बांधला, वाडगं झाकून ठेवलं. धुतलं मात्र नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांची पाळी चुकवली, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही, हे खरं सांगते.

मंगळवारी दुपारी त्या आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. अंघोळ घालायला खद्दूजा आली. हमामच्या न्हाणीघरात अंग चोळणारी तीच, आणि बायकांच्या मयताला अंघोळ घालणारीही तीच. तिनं रुमाल सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. मुळाशी बोटभर केस पांढरेफेक.

"बाई, यांचं डोकं राहिलं?" एवढंच तिनं विचारलं. तिच्या मुलीला मी शिकवलंय, म्हणून ती मला बाई म्हणते. मी मान खाली घातली. तेव्हा रडू आलं नाही, लाज आली.

३

चाळीस दिवस मी मेंदीला हात लावला नाही. मग एका गुरुवारी मेंदीचं पीठ चाळायला घेतलं. चाळून झाल्यावर बघते तर चार मुठी. दोन माझ्या, दोन त्यांच्या. हाताची सवय. परत डब्यात घालायला मन होईना, म्हणून तेवढंच भिजवलं.

दुपारी आरसा धरून पुढचं केलं. मागचं आपलं अंदाजानं, आंधळ्यासारखं चाचपत. खांदे दुखले, अर्धी मेंदी पाठीवर सांडली. तीन तासांनी हमामला गेले. खद्दूजानं डोक्यावर पाणी ओतलं, केस पिळले आणि थांबली.

"मागचं कुणी केलं हो बाई?"

"कोण करणार? मीच."

"अहो, स्वतःचं मागचं असं होतं का कुणाचं? मुळापासून भरलंय. मान बघा, एक डाग नाही." तिनं माझी मान अंगठ्यानं चोळून बघितली. "जाजियाबाईंचाच हात वाटतो."

मी हसले. म्हटलं, "तुझ्या वाफेनं तुला दिसत नाही काही."

घरी येऊन दोन आरसे समोरासमोर धरले. मागचं डोकं टाळूपासून मानेपर्यंत एकसारखं तांबूस, लख्ख. पुढे, जिथं मी आरशात बघून लावलं होतं, तिथंच दोन जागा सुटल्या होत्या.

मी कारणं शोधली. बावीस वर्षं दुसरीचं मागचं डोकं केलंय, हाताला वाट ठाऊक असणार. मेंदी ओली होती, ओघळून आपोआप पसरली असणार. पाठीवरचा रंग? तो गरम पाण्यानं गेला असणार. अशी तीन कारणं मांडली आणि झोपले. पण वर्गात एखादी पोर एका गणिताला तीन रीती देऊ लागली की मी ओळखायची, हिला एकही येत नाही.

४

पुढच्या पाचव्या गुरुवारी मी परीक्षा घेतली. मापून दोनच मुठी भिजवल्या. फक्त पुढचं लावायचं, मागे बोटही लावायचं नाही असं ठरवलं. दाराला कडी घातली. स्टुलावर बसले, भिंतीकडे तोंड करून, आरसा मांडीवर.

पुढचं झालं. वाडगं मागे जमिनीवर ठेवलं आणि हात पुसले. अंगणात पारवे घुमत होते. शेजारी कुणीतरी उखळात मिरच्या कुटत होतं. मी मनात पाढे म्हणत होते, झोप येऊ नये म्हणून. सतराचा पाढा. सतरा सक एकशे दोन.

मागे चमचा वाडग्याच्या कडेवर वाजला. ठक ठक.

मी वळले नाही. वळायला पाहिजे होतं, कळतंय मला. पण मान आखडून गेली. मिरच्या कुटण्याचा आवाज थांबला होता. मग पुन्हा ठक ठक. डोक्याला काहीच लागत नव्हतं, ना हात, ना ओलावा. मी पाढा पुढे म्हणत राहिले. एकोणीसपर्यंत गेले, वीस केला, पुन्हा सतरावर आले. मग मानेवरून गार ओलं फडकं फिरलं, एकदाच, डावीकडून उजवीकडे.

किती वेळानं हात मागे नेला ठाऊक नाही. मागचं सगळं डोकं मेंदीनं भरलेलं होतं. बर्फासारखी गार मेंदी. खोलीत कुणी नव्हतं, कडी तशीच होती. वाडग्यात बघितलं. दोन मुठींतून माझं पुढचं आणि मागचं जाऊन काही उरायला नको होतं. वाडगं अर्धं भरलेलं होतं.

आणि तुम्हाला खरं सांगू? भीती नंतर आली. आधी मी त्या वाडग्यावर तोंड ठेवून ढसाढसा रडले. माझी पाळी करून देऊन वन्संनी त्यांचा वाटा ठेवला होता. त्या अजून वाट बघत होत्या.

५

नौफलशी फोनवर बोलताना तोंडून निसटलं. तो म्हणाला, "आई, एकटी किती दिवस राहणार?" मी म्हटलं, "एकटी कुठं? वन्सं आहेत की."

मग तो अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसं, "आई, आत्याला जाऊन चार महिने झाले."

"मला मोजता येतं, नौफल."

"मी शुक्रवारी गाडी घेऊन येतोय. तू बॅग भर."

"खबरदार आलास तर! माझं एक काम राहिलंय. ते झालं की मी स्वतः फोन करीन, मग ने कुठं न्यायचं तिथं."

"कसलं काम?"

ते मी सांगितलं नाही. काय सांगणार? आत्याचं डोकं करायचंय? म्हाताऱ्या आईचं डोकं फिरलं म्हणून त्यानं त्याच दिवशी उचललं असतं मला. आणि मग वन्संची पाळी कायमची राहिली असती. त्यांना पांढऱ्या डोक्यानं मातीत घातलं ते घातलंच, पण हे एवढं मला करता येण्यासारखं होतं. तेवढं केल्याशिवाय मी त्या घरातून हलणार नव्हते.

६

गुरुवारी चार मुठी भिजवल्या. डाळिंबाच्या साली, चहाचं पाणी, तेल, सगळं वन्संच्या मापानं. जेवले नाही. खिडकीची दारं लोटली, स्टूल भिंतीकडे केलं, शेजारी वाडगं ठेवलं, आणि दारात उभी राहून म्हटलं, "या वन्सं. तुमची पाळी."

मग मी अंगणातल्या नळावर हात धुवायला गेले. मुद्दामच गेले. कुणाला आत येऊन बसायचं असेल तर आपण टक लावून बघत राहू नये, एवढं समजतं. हात तीनदा धुतले. आतून काही ऐकू आलं नाही. ते स्टूल बसताना वाजत नाही, हे मला माहीत होतंच.

परत आले तेव्हा स्टुलावर पाठ होती.

खोलीत अंधुक उजेड होता. फटीतून येणारी उन्हाची एक रेघ जमिनीवर पडली होती, स्टुलापर्यंत पोचत नव्हती. खांद्यांवर वन्संचा जुना करडा टॉवेल. केस सोडलेले, पांढरे, पाठभर. हात मांडीत असावेत, दिसत नव्हते. भिंतीकडे तोंड करून ती पाठ अशी बसली होती की तासभर आणखी थांबायलाही तिची हरकत नव्हती.

भीती वाटत होती, पण जीभ सैल सुटली. मी मागे उभी राहिले आणि बोलत सुटले. "वन्सं, चुकलं माझं. त्या दिवशी मी मुद्दाम नाही हो केलं. या नौफलनं डोकं खाल्लं होतं. तुम्ही तरी एकदा ओरडायचं माझ्यावर! गप्प बसलात ते मला जास्त लागलं." मानेपासून पहिली बट पाडली. केस गार होते. मेंदी भरली. दुसरी बट, तिसरी बट. हाताला वाट माहीत होती. मी डाळिंबाचं सांगितलं, या वर्षी फळं फुटली म्हणून. रेडिओ बिघडलाय, सांगितलं. खद्दूजाच्या मुलीचं ठरलंय, तेही. बोलता बोलता माझी भीती पार गेली. इतकं हलकं मला चार महिन्यांत वाटलं नव्हतं.

उजव्या कानाकडे आले, तशी करंगळीत ओलं फडकं धरलं. तिथं जपायचं असतं ना. अंगठ्यानं व्रण शोधला.

व्रण नव्हता.

जरा वर बघितलं, जरा खाली. कानामागची कातडी गुळगुळीत, आणि त्यावर दाट केस. वाटलं, अंधारात आपलाच गोंधळ होतोय, डावं-उजवं चुकलं असेल. डावीकडे बघितलं. तिथंही नव्हता. बावीस वर्षं मी ते डोकं केलंय. डोळे बांधून हजार डोक्यांतून काढून दाखवीन.

हे वन्संचं डोकं नव्हतं.

७

मी ओरडले नाही. माझे हात थांबले नाहीत, हीच गोष्ट मला आजही समजत नाही. थांबले तर तिला कळेल, असं वाटलं. काय कळेल, ते विचारू नका. मी बट पाडत राहिले, मेंदी भरत राहिले, फक्त प्रत्येक वेळी थोडी कमी घेत राहिले. कारण मागचं संपत आलं होतं. टाळूपाशी तीन बटा उरल्या होत्या, मग दोन. आणि मागचं संपलं की काय म्हणायचं असतं ते मला माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं. त्याचसाठी ती बसली होती. एवढा वेळ स्टूल एकदाही वाजलं नव्हतं. मी म्हणेपर्यंत ती वळणार नव्हती.

चार महिने मी कुणाला वन्सं म्हणत होते? माझी मान कुणी पुसली? माझी लाज बघून कुणीतरी आत आलं होतं, आणि मीच त्याला नाव देऊन स्टुलावर बसवलं होतं.

शेवटची बट. मी तिची दोन केली. दोनाच्या चार केल्या. चिमूटभर मेंदी लावत राहिले. तोंडानं रेडिओचं तेच तेच सांगत होते. मग तिच्या मांडीतून, जिथं चमचा असण्याचं काही कारण नव्हतं, तिथून आवाज आला. ठक ठक. आटप, म्हणाल्यासारखा.

दार धडाधडा वाजलं. "आई! आई, दार उघड!"

नौफल. शुक्रवारपर्यंत त्याला धीर निघाला नव्हता. मी वाडगं खाली ठेवलं, पाठमोरी न होता मागे मागे सरकत दारापर्यंत गेले, आणि ते चार शब्द मी म्हटले नाहीत. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा एवढा एकच पुरावा माझ्यापाशी आहे.

नौफल आत आला तेव्हा स्टूल रिकामं होतं. त्यानं माझे कोपरापर्यंत बरबटलेले हात बघितले, स्टुलाभोवती सांडलेली मेंदी बघितली. तो रडायला लागला. "आई, तू कुणाला मेंदी लावत होतीस गं?" मी जमिनीवरची मेंदी बघत होते. सांडली होती ती जेमतेम अर्धी मूठ. चार मुठींतून दीड मूठ वाडग्यात होती. बाकीची कुठं गेली, त्याचा हिशोब लागत नव्हता.

संध्याकाळच्या आत आम्ही निघालो. मी गाडीत बसले. स्फाक्सला पोचल्यावर सामान उतरवताना बघते तर डिकीत ते स्टूल.

"हे कशाला आणलंस?"

"नाहिदला हवं होतं, आई. म्हणाली, गाबेसचं काहीतरी घरात असू दे."

८

मी ते स्टूल गच्चीत नेऊन ठेवलं, त्यावर पुदिन्याची जड कुंडी ठेवली, आणि मेंदीचं नाव टाकलं. माझे केस पांढरे व्हायला लागले. नौफलनं मला डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मी मुकाट्यानं घेतल्या. अगदी शहाण्यासारखी वागले.

नाहिद पोरगी गुणाची आहे. आमच्याच गाबेसची, तोंडाळ, हसरी. सातवा महिना लागलेला, तरी घरभर नाचत असते. माझ्या डोक्यामागे लागली. "अहो आई, काय अवतार केलाय! वर दूध, खाली गाजर. लोक म्हणतील, सून सासूकडे बघत नाही. बसा या गुरुवारी, मी करून देते. मग तुम्ही माझं करा. माझं मागचं कोण करणार इथं?"

"नको म्हटलं ना!"

"पण का?"

तिला सांगायला हवं होतं, हेच माझं चुकलं. पण सांगते कशी? तिनं नौफलला सांगितलं असतं, त्यानं डॉक्टरला. शिवाय पोटुशी बाई, तिला कशाला घाबरवा? मी म्हटलं, "वय झालं माझं, पांढरंच बरं." ती नाक मुरडून गेली.

काल गुरुवार होता. नौफल कामावर. मी स्वयंपाकघरात परातीत कुसकुसाचा रवा चाळत बसले होते. वास आला तेव्हा आधी कळलंच नाही. डाळिंबाच्या साली, चहाचं पाणी. माझे हात परातीतच थांबले.

गच्चीतून नाहिदचं बोलणं ऐकू आलं. फोनवर असेल म्हटलं. ती हसत होती. "बघा, शेवटी ऐकलंत ना माझं? एवढे दिवस नुसते नखरे. आणि न सांगता गुपचूप येऊन बसलात ते! कुंडी कशाला उचललीत एकट्यानं? सांगायचं ना मला."

मी उठले. परात खाली पडली, कुसकुस फरशीभर झालं, पाय सरकत होते.

"केस किती गार आहेत हो तुमचे," नाहिद म्हणाली. "आणि मागचं आधीच केलंय की कुणीतरी! टाळूवरची एवढीशी बट राहिलीय, ती भरते. झालं. पाठ झाली..."

"नाहिद!" मी ओरडले. पुढचं तिच्या तोंडून निघू नये म्हणून छाती फुटेस्तोवर ओरडले.

तिनं उत्तर दिलं, पण स्वयंपाकघराच्या दिशेनं नाही. खाली वाकल्यासारखं, लाडानं. "ओरडताय काय, आई? इथंच तर आहे मी, तुमच्या मागे. चला, तोंड इकडे."

गच्चीत स्टूल करकरलं.